पळताना शुद्ध हरपली, तर फक्त उन्हाला दोष देऊ नका

आज बोलू हृदयाच्या ठोक्याबद्दल.

अमरावती असो की अकोला, पहाटे मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं दिसतातच. त्यातलं एखादं पळता पळता कोसळतं. घरचे म्हणतात, ऊन लागलं, उपाशीपोटी पळाला. बरेचदा ते खरंही असतं. पण ऐन पळण्यात शुद्ध हरपली, किंवा घरात कुणी तरुणपणीच अचानक गेलं असेल, तर ईसीजी काढलाच पाहिजे.

काहून? तर आपला ठोका विजेवर चालतो. हृदयाच्या पेशींना बारीक दारं असतात. त्यातून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आत-बाहेर करतात. काही घराण्यांत या दारांच्या जनुकातच दोष असतो. हृदय दिसायला ठणठणीत, पण ठोका एकदम बिथरतो.

ठोका सांभाळणारी औषधंही याच विजेवर काम करतात. म्हणून एकाला तारणारी गोळी दुसऱ्याला मारक ठरू शकते. 'लाँग क्यूटी' या आजारात ठोक्यानंतर हृदयाला पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो. तिथं प्रोप्रानोलोल, नाडोलोल हे बीटा ब्लॉकर आधार देतात. सोटॅलॉल हेही ठोक्याचंच औषध, पण ते हा वेळ आणखी लांबवतं. फ्लेकेनाइडचं तसंच. पळताना, घाबरल्यावर ठोका बिघडणाऱ्या 'सीपीव्हीटी'त ते कामी येतं. 'ब्रुगाडा' आजारात तेच धोक्याचं.

आपल्या सर्पगंधेचं उदाहरण घ्या. १९३१ मध्ये सलीमुझ्झमान सिद्दीकींनी तिच्या मुळांतून एक द्रव्य वेगळं केलं आणि हकीम अजमल खान यांच्यावरून त्याला अजमलीन नाव दिलं. ठोक्यावरचंच औषध, पण आता दडलेला ब्रुगाडा ईसीजीत उघड करण्यासाठी ते देतात, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली, दवाखान्यातच.

म्हणजे आधी आजाराचं नाव, मग गोळी.

लाँग क्यूटी निघाला असेल, तर मेडिकलवरून परस्पर गोळ्या आणू नका. अझिथ्रोमायसिन, उलटीवरचं ओंडान्सेट्रॉन, डोम्पेरिडोन हीही तो वेळ लांबवतात. कोणत्याही डॉक्टरकडं गेलात, तर आजाराचं नाव आधी सांगा. मोबाइलमध्ये लिहूनच ठेवा. ब्रुगाडा असेल, तर ताप अंगावर काढू नका. आणि बरं वाटतं म्हणून बीटा ब्लॉकर मनानं बंद करू नका.

यातले बरेच आजार असे, की आईला किंवा वडिलांना असला तर प्रत्येक लेकराला तो येण्याची शक्यता निम्मी. म्हणून एकाला निघाला, की सख्ख्या बहीण-भावांचीही तपासणी करा. अमरावतीचं इर्विन, अकोल्याचं सर्वोपचार, जवळ असेल तिथून सुरुवात करा. एक ध्यानात ठेवा: बसल्या जागी काढलेला ईसीजी चांगला आला म्हणजे विषय संपला असं नाही. सीपीव्हीटी तर पळवून पाहिल्यावरच दिसतो. पळताना काय झालं, ते डॉक्टरांना नीट सांगा.

तुमच्या मैदानावरच्या दोस्तांना हा भाग ऐकवा. भेटू पुढच्या वेळी!