कार्यकर्त्याचे मन आणि उपचाराची वेळ

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अभ्यासवर्गात आजवर मी अर्थसंकल्प, महागाई, शेतमालाचे भाव अशा विषयांवर बोलत आलो. यंदा मी संयोजकांकडे विषय बदलून मागितला, तेव्हा अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक मनोव्यथांविषयी काय बोलणार, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर उमटली. शंका रास्त आहे. मी डॉक्टर नाही आणि येथे कोणाचे निदान करणार नाही. मनाचे दुखणे सोशीत राहण्याची मर्यादा कोठे संपते आणि तज्ज्ञाकडे जाण्याची वेळ केव्हा येते, एवढाच माझा प्रश्न आहे. तो मांडण्याचा अधिकार मला एका चुकीने दिला आहे.

आमच्या तालुक्यात धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे झटणारा एक पूर्णवेळ कार्यकर्ता आहे. एका पावसाळ्यात तो बैठकांना येईनासा झाला. आलाच तर कोपऱ्यात बसून राही. पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही, असे त्याने एकदा मला सांगितलेही होते. ज्याने लिहिलेल्या अर्जातील एक शब्द बदलावा लागत नसे, त्याला चार ओळींचे निवेदन जुळवता येईना. आम्ही पाच-सहा ज्येष्ठांनी विचारविनिमय केला आणि ठरवले काय? तर त्याच्यावर सभासद नोंदणीची आणखी एक जबाबदारी टाकायची; कामात गुंतला की सावरेल! दीड महिन्याने त्याच्या पत्नीने आम्हा कोणालाही न विचारता त्याला जिल्हा रुग्णालयात नेले. त्यापूर्वीचा महिनाभर ती रात्री जागून त्याच्यावर लक्ष ठेवीत होती, हे आम्हाला मागाहून कळले. आज तो बरा आहे, कामात आहे, आणि त्याच्याच संमतीने मी हे सांगत आहे. पण जे सातवीपर्यंत शिकलेल्या त्या बाईंनी ओळखले, ते समाजशास्त्राची पुस्तके वाचलेल्या आम्हाला ओळखता आले नाही.

असे का झाले? मला त्याची दोन कारणे दिसतात.

पहिले कारण आपल्या परंपरेत आहे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून 1947 साली प्राण पणाला लावणाऱ्या साने गुरुजींनी 11 जून 1950 रोजी आपली जीवनयात्रा स्वतःच संपवली. त्यांच्या मनात काय चालले होते याचा निवाडा करण्याचा अधिकार आज कोणालाही नाही, आणि मी तो करीत नाही. मला बोलायचे आहे ते आपल्याविषयी. त्या मृत्यूचा आपण जो अर्थ लावला, तो असा की संवेदनशील माणसाची वेदना ही त्याच्या थोरवीची खूण आहे. खुणेला नमस्कार करतात; तिच्यावर उपचार करीत नाहीत. म्हणून आपला एखादा साथी आतून खचत असला, तर आपण त्याला ‘फार हळवा आहे’ असे कौतुकाने म्हणतो, नाहीतर ‘मनाने कच्चा निघाला’ असे तुच्छतेने म्हणतो. दोन्ही वेळा त्याच्याजवळ बसून विचारपूस करायची राहून जाते.

दुसरे कारण आपल्या सिद्धांतात, म्हणजे त्याच्या अर्धवट वापरात आहे. शेतकऱ्याची निराशा कर्जातून येते, कामगाराची बेकारीतून, स्त्रीची घरातील जुलमातून; तेव्हा समुपदेशकाकडे पाठवणे म्हणजे अन्यायावर मलमपट्टी करणे, असा युक्तिवाद मी स्वतः केलेला आहे. त्यातील पूर्वार्ध खरा आहे. पण हिवताप डबक्यांतील डासांमुळे पसरतो हे आपल्याला ठाऊक असते; डबकी बुजवावीत म्हणून आपण ग्रामपंचायतीवर मोर्चा नेतो, आणि नेलाच पाहिजे. म्हणून तापाने फणफणलेल्या माणसाला डबके बुजेपर्यंत गोळी द्यायची नाही, असे कोणी म्हणतो काय? दुःखाला सामाजिक कारण आहे, एवढ्याने आजार हा आजार नाही असे ठरत नाही. उलट ज्याचे मन सावरले आहे, तोच कर्जमुक्तीच्या लढ्यात टिकून राहतो.

आता मुख्य प्रश्न: जावे केव्हा? दुःख, चिंता, संताप हे आजार नव्हेत. पराभवानंतर, वियोगानंतर, कर्जाची नोटीस आल्यावर मन उदास होणे स्वाभाविकच आहे. अशा वेळी मित्र, कुटुंब, काम यांचा आधार बहुधा पुरतो. परंतु दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न राहिले, कशातच रस वाटेना, झोप व भूक बिघडली, आपण कुचकामी आहोत असे मनात घोळू लागले, आणि मुख्य म्हणजे नित्याचा व्यवहार अडू लागला, तर स्वतःला किंवा साथीला समजावण्याचा काळ संपला असे धरावे. भीतीने छाती धडधडते आणि तपासणीत हृदयाचे काही निघत नाही. झोपेसाठी रोज दारू लागते. अंगदुखी कोणत्याच औषधाला दाद देत नाही. याही सल्ला घेण्याच्याच वेळा आहेत.

काही प्रसंगी मात्र एक दिवसाचाही विलंब करू नये. कोणी मरणाची भाषा बोलू लागला, निरवानिरव करू लागला, नसलेले आवाज त्याला ऐकू येऊ लागले, किंवा सारे आपल्या जिवावर उठले आहेत असे त्याला वाटू लागले, तर त्याला एकटे सोडू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो हा समज चुकीचा आहे. विचारल्याने बहुधा ओझे हलके होते.

जावे कोणाकडे? समुपदेशक ऐकून घेतो आणि वाट शोधायला मदत करतो. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो आणि गरज पडल्यास औषध देतो. आपल्याला दोघांपैकी कोण हवा, हे आधी ठरवण्याची आवश्यकता नाही. कोणीही एक दार ठोठावले तरी ते पुढचे दार दाखवतात. ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. औषध सुरू झाले तर बरे वाटताच ते आपल्या मनाने बंद करू नये.

शेवटी माझ्या विषयाकडे वळतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे 10.6 टक्के प्रौढांत मानसिक विकार आढळले, आणि निरनिराळ्या विकारांत 70 ते 92 टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले. त्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता; म्हणून आपण निश्चिंत राहावे असे नाही. अर्थशास्त्रात गरज आणि मागणी यांत भेद करतात. जी गरज लाजेपोटी बोलली जात नाही, तिची मागणी होत नाही, आणि जिची मागणी नाही तिच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 साली, तर जिल्हा कार्यक्रम 1996 साली सुरू झाला. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून असे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे मानावे, त्याला शिक्षा नव्हे तर आधार द्यावा, असेही त्या कायद्याने सांगितले. हक्क कागदावर आला आहे. तो रुग्णालयाच्या खिडकीपर्यंत आणण्याचे काम मोर्चे काढणाऱ्यांचे आहे.

म्हणून माझ्या दोनच सूचना आहेत. आपल्या जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाचे पद भरलेले आहे की रिकामे, याची चौकशी प्रत्येक शाखेने या महिन्यात करावी आणि रिकामे असल्यास त्यासाठी निवेदन द्यावे. आणि बैठकीला तीनदा न आलेल्या साथीच्या घरी कोणीतरी जावे. खुलासा मागण्यासाठी नव्हे, तर ‘झोप लागते का रे?’ एवढे विचारण्यासाठी. आम्ही ते वेळेवर विचारले नव्हते.