गुणवत्तेचा सात-बारा कोणाच्या नावावर?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकायला थोडा कोरडा आहे. विद्यापीठात प्राध्यापक कसा निवडला जातो, हे आम्ही सांगणार आहोत. पण हा विषय आपल्या घराघरांत आलेला आहे. मुलगा एम.ए. झाला, नेट-सेट पास झाला, पीएच.डी. झाली, आणि पस्तिशी उलटली तरी तासिका तत्त्वावर शिकवतोय. सुट्टी लागली की पगार बंद. मग आई म्हणते, एवढं शिकून काय मिळालं रे बाबा? हे ऐकून धाकटा भाऊ पुस्तक मिटून ठेवतो. आम्हाला खरी काळजी आहे ती या धाकट्याची.

राखीव जागेवर आलेल्या माणसाला 'गुणवत्ता कुठाय?' असे आयुष्यभर विचारले जाते. पण संस्थाचालकाचा पुतण्या, विभागप्रमुखाची सून किंवा मार्गदर्शकाचा जावई नेमला गेला, की गुणवत्तेचे नाव कोणी काढत नाही. तो 'आपला माणूस' होतो. या नात्यागोत्याच्या आरक्षणाला बिंदुनामावली नाही, दाखला नाही, पडताळणी नाही. गुणवत्तेचा सात-बारा जणू काही घराण्यांच्याच नावावर चढलेला आहे!

तथागतांच्या संघातही नातेवाईक होते. आनंद आणि देवदत्त चुलतभाऊ, राहुल तर पोटचा मुलगा. देवदत्ताने संघाचे नेतृत्व मागितले, ते मिळाले नाही. राहुलाला वारसा म्हणून गादी मिळाली नाही. उपाली हा शाक्यांचा न्हावी. त्याला शाक्य कुमारांच्या आधी प्रव्रज्या दिली, म्हणजे राजपुत्रांनी त्याला वंदन करावे. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगण्याचा मान याच उपालीला मिळाला. आनंदाने वर्षानुवर्षे तथागतांची सेवा केली, उपदेश मुखोद्गत केला. तरी महाकाश्यपांनी आधी केलेल्या निवडीत त्यांचे नाव नव्हते, कारण ते अजून अर्हत झाले नव्हते. भिक्खूंनी विनंती केली तेव्हा त्यांना घेतले. परंपरा सांगते, आदल्या रात्री ते अर्हत झाले आणि मगच सभेत बसले. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही निवड समिती बघा. तिथे नाते विचारले गेले नाही, तयारी विचारली गेली.

आता बाबासाहेबांकडे या. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला, तो १९१७ साली 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथे पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पण त्यांचे तास ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतलीही मुले येत. १९२५ साली प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ निघाला, त्याला त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. कोणी म्हणेल, हीसुद्धा शिफारसच की! आम्ही म्हणतो, हो, शिफारसच. पण ती ग्रंथ वाचून केलेली, छापून चारचौघांपुढे ठेवलेली आहे. वशिल्याची चिठ्ठी बंद पाकिटात जाते. शिफारस आणि वशिला यांत एवढाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

हल्ली संशोधकाची किंमत संदर्भांवरून करतात. आपल्या लेखाचा उल्लेख दुसऱ्या किती लेखांत झाला, याची ही मोजणी. यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली विज्ञानातल्या संदर्भांची सूची काढली. २००५ साली हिर्श नावाच्या शास्त्रज्ञाने 'एच-निर्देशांक' आणला. दहा लेखांचा प्रत्येकी निदान दहा वेळा उल्लेख झाला, तर निर्देशांक दहा. वशिल्यापेक्षा हे बरेच बरे, कारण आकडा सर्वांना दिसतो. पण त्यातही 'तू माझे नाव घाल, मी तुझे घालतो' चालते. विद्यार्थ्याने राबून लिहिलेल्या लेखावर साहेबांचे नाव आधी येते. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके निघाली. त्यांना आळा घालायला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली 'केअर' यादी केली आणि २०२५ साली ती बंद केली. शिवाय मराठीत केलेले चांगले काम या मोजणीत फारसे येतच नाही.

थोर भिक्खूने सांगितले तरी ते सुत्त आणि विनयाशी ताडून बघा, असे तथागतांनी शिकवले. संदर्भांनाही हीच कसोटी लावा. किती जणांनी नाव घेतले हे जरूर मोजा, पण आत काय लिहिले आहे तेही वाचा.

आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकासाठी पदवी, पीएच.डी., नेट-सेट, लेख यांना गुण दिले. पण ते मुलाखतीला बोलावण्यापुरतेच. अंतिम निवड फक्त मुलाखतीवर. म्हणजे दारापर्यंत कागद, दाराच्या आत माणसे. वशिला शिरतो तो याच दारातून.

दुसरे दार बिंदुनामावलीचे. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरक्षण विभागवार मोजावे असा निकाल दिला, आणि मार्च २०१८ मध्ये आयोगाने तसे पत्र काढले. त्या तेरा बिंदूंच्या हिशेबात अनुसूचित जातीची पहिली जागा सातवी, जमातीची चौदावी! चार-सहा जागांच्या विभागात आपला नंबर कधी यायचा? देशभर लोक रस्त्यावर उतरले. मार्च २०१९ मध्ये वटहुकूम आणि जुलैमध्ये कायदा झाला, आणि केंद्रीय शिक्षणसंस्थांत पुन्हा संपूर्ण संस्था हा घटक धरला गेला. संघटित झालो म्हणून हे झाले, हे विसरू नका.

मग आपण काय करायचे? जाहिरात आली की आधी बिंदुनामावली बघा. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. आपले छाननीचे गुण लेखी मागा. राखीव प्रवर्गाचा उमेदवार असेल तर समितीत त्या प्रवर्गांचा प्रतिनिधी हवा, असे २०१८ च्या नियमावलीतच लिहिले होते. तो होता का, हे विचारा. 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा आला, तर का, ते विचारा. एकट्या मुलाला भीती वाटते. त्याच्या अर्जामागे विहार समिती उभी राहिली पाहिजे.

आणि एक कडू गोष्ट. उद्या आपल्याच माणसांच्या संस्थेत पुतण्या लागला आणि दुसऱ्याची हुशार लेक बाहेर राहिली, तर तोही वशिलाच. तिथे 'आपलाच आहे, जाऊ द्या' म्हणायचे नाही. उपालीला मान देणाऱ्या धम्माचे आपण अनुयायी आहोत.

शेवटी त्या धाकट्याला सांगा, पुस्तक उघड. दार अडवलेले आहे, हे खरे. पण तयारी नसलेल्या माणसाला दार कोणी अडवले हेही विचारता येत नाही. वस्तीतल्या प्रत्येक नेट-सेटवाल्याने दोन मुलांना हाताशी धरावे, आणि रात्री या विहारातला दिवा त्यांच्या अभ्यासासाठी जळत राहावा, एवढीच आमची विनंती.

जयभीम! भवतु सब्ब मंगलं!