दागिना कुणाचा?
(वेळणेश्वर येथील महिला मेळाव्यातील भाषण)



आमच्या गटातल्या बाया करवंटीचे तुकडे घासून, भोकं पाडून, माळा ओवतात. नक्षी त्याच ठरवतात. महाशिवरात्रीला देवळाबाहेर आम्ही त्या विकतो. फंडाचा पैसा कोर्टाच्या तारखेला चिपळूणला जाणाऱ्या बाईच्या एस.टी. भाड्याला लागतो.

१९२१ साली टिळक स्वराज्य फंडाला बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. त्यागाचं कौतुक झालं. पण दागिना द्यायचा की नाही, हे स्वतः ठरवायची मोकळीक किती जणींना होती? स्त्रीधन बाईचंच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. तरी आजही कितीतरी घरांत दागिना गहाण पडतो तो बाईला न विचारता.

मीही तेच केलं. ‘समाजकार्य आहे ना, मग स्वस्तात द्या,’ असं एक गिऱ्हाईक म्हणालं आणि मी भाव उतरवला. ओवणारीची मजुरी मी परस्पर दान करून टाकली! तिने हिशेब मागितला तेव्हा मान खाली गेली.

आता आमचा नियम एकच: आधी मजुरी, मग फंड. आपल्या हातात आलेलंच आपण देऊ शकतो, नाही का?