दहावीनंतर काय, हे आठवीतच विचारा
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



समितीने आम्हाला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘मुलांचे शिक्षण’. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायला आम्ही काही प्राध्यापक नाही. आम्ही १९९१ साली गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. आधी साचाखात्यात, मग त्रासनखात्यात काम केलं. दहावी रात्रशाळेतून केली आणि बारावी १७ नंबरचा फॉर्म भरून. तेव्हा आमच्या आवाक्यातलं एकच बोलतो. आठवी ते बारावी या पाच वर्षांत आपल्या मुलांचे विषय कोण ठरवतं आणि कसे ठरतात, एवढंच.

दहावीच्या निकालाचा दिवस आठवा. चाळीत पेढे फिरतात, दोन दिवस नातेवाईकांचे फोन चालतात आणि तिसऱ्या दिवशी घरात प्रश्न पडतो की आता काय? बाप कामावर असतो. आई मुलाला घेऊन सायबर कॅफेत जाते. अकरावीचे प्रवेश आता ऑनलाइन आहेत, २०२५ पासून तर सगळ्या महाराष्ट्रात. तिथला पोरगा फटाफट बटणं दाबतो, आपला मुलगा त्याचा मित्र जिथे चालला ते कॉलेज पहिल्या पसंतीला टाकतो. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं, हे त्या माउलीला कोणी सांगितलेलं नसतं. शाखा कशी ठरते? सत्तरच्या वर सायन्स, पन्नासच्या वर कॉमर्स, त्याखाली आर्ट्स. अशी टक्केवारीची एक शिडी आपल्या वस्तीत कोणी बांधून ठेवली आहे कोणास ठाऊक. मुलाला काय व्हायचंय आणि त्या कामाला कोणता विषय लागतो, हे त्या शिडीत कुठेच नाही. टीव्ही घ्यायचा तर आपण चार दुकानं फिरतो, बरं का. मुलाचं आयुष्य पंधरा मिनिटांत.

दुसऱ्याचं कशाला, आमच्याच घरचं सांगतो. आमचा थोरला २०११ साली नववीत गेला. त्या काळात नववी-दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी ‘सामान्य गणित’ घेता येत होतं. सोपं होतं ते. शाळेतून एक कागद आला, त्यावर पालकाची सही हवी होती. निरोप असा, की पोरगा गणितात कच्चा आहे, हा विषय घेतला तर टक्केवारी चढेल. आम्ही दुसरी पाळी करून मध्यरात्री घरी आलो होतो. कागद ताटाशेजारीच ठेवलेला. जेवलो, हात धुतला आणि सही केली. वाचला नाही. रात्रशाळेत दहावी केलेला माणूस, विहारात दर रविवारी इतरांना पेपर वाचून दाखवणारा माणूस, पण तो कागद वाचला नाही.

२०१३ ला थोरल्याला ७१ टक्के पडले. आम्ही दोन किलो पेढे वाटले. पोराला लहानपणापासून विजेच्या कामाचा नाद, चाळीतले मिक्सर आणि पंखे तोच खोलायचा. त्याला इंजिनिअर व्हायचं होतं. सायन्सच्या प्रवेशाला गेलो, तर खिडकीवरच्या बाईंनी मार्कलिस्ट पाहिली आणि परत दिली. म्हणाल्या, “सामान्य गणित आहे, सायन्सला चालत नाही.” आम्ही म्हटलं, बाई, ७१ टक्के आहेत. त्या म्हणाल्या, “काका, टक्के किती हे मी विचारलंच नाही.” त्या काही वाईट बोलल्या नाहीत, खरं तेच बोलल्या. मुलगा कॉमर्सला गेला, बी.कॉम. झाला, आज एका कुरिअरच्या गोदामात पार्सलं मोजतो. कष्टाच्या कामाला आम्ही कमी लेखत नाही, आमचा जन्म त्यातच गेला. पण एकदा रात्री त्याने विचारलं, “बाबा, तो कागद तुम्ही वाचला होता का?” आम्ही खोटं बोललो. वाचला होता म्हणालो. आज तो इथे मागे उभा आहे, या खुर्च्या त्यानेच लावल्या आहेत. म्हणून सगळ्यांसमोर सांगतो, वाचला नव्हता.

बाबासाहेबांच्या शाळेची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहून ते १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्यांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवणार नाही म्हणून तो विषय नाकारला गेला आणि फारसी घ्यावी लागली. पुढे ते संस्कृत स्वतःच्या कष्टाने शिकले, ही गोष्ट निराळी. त्यांच्या हातून विषय दुसऱ्यांनी काढून घेतला होता. आमच्या मुलाच्या हातून आम्ही स्वतः काढून घेतला, आमच्या सहीने. आपण भिंतीवर ‘शिका’ असं मोठ्या अक्षरात रंगवतो. कोणता विषय शिका, कोणता सोडू नका, हे भिंतीवर मावत नाही. ते घरात बसून बोलावं लागतं.

सामान्य गणित पुढे बंद झालं, ते बरंच झालं. पण गणित सोडायची खोड काही गेली नाही. आता ते दहावीऐवजी अकरावीत सुटतं. कॉमर्सला गणित किंवा एस.पी. यातलं एक निवडायचं असतं. आपली बहुतेक मुलं डोळे मिटून एस.पी. घेतात, कारण मार्क पडतात. ज्याला साधं बी.कॉम. करायचं आहे त्याचं त्यात काही बिघडत नाही. पण कॉमर्सला गणित ठेवलेला मुलगा बारावीनंतर बी.एस्सी. आयटीकडे वळू शकतो, एस.पी.वाल्याला ती वाट मिळत नाही. सायन्सलाही तेच. सायन्सला गेला म्हणजे डॉक्टर आणि इंजिनिअर अशी दोन्ही दारं उघडी, असं नाही. मेडिकलच्या नीट परीक्षेला जीवशास्त्र लागतं, इंजिनिअरिंगला गणित लागतं. राज्याच्या सीईटीचेही पीसीएम आणि पीसीबी असे दोन वेगळे गट आहेत. गणित सोडलं की इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर दोन्ही गेलं. जीवशास्त्र सोडलं की मेडिकल आणि बी.एस्सी. नर्सिंग गेलं. बी.फार्मसीला मात्र भौतिक-रसायनाबरोबर गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हींपैकी कुठलंही चालतं. ज्याचं अजून नक्की होत नाही आणि ज्याला झेपतं, त्याने गणित-जीवशास्त्र दोन्ही ठेवावं. झेपतं का, हे मात्र मुलाला विचारून ठरवा, शेजारच्याच्या मुलाकडे बघून नव्हे.

साचाखात्यातले जुने लोक इथे बसले आहेत, त्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल. कापडाचा पन्हा किती, पट्टा कोणत्या रंगाचा, हे काय साच्यावर ठरतं? ते आधीच ठरतं, वार्पिंगला बीम भरताना. बीम साच्यावर चढली की साचेवाला तुटलेला धागा जोडू शकतो, रंग बदलू शकत नाही. तेव्हा अकरावीचा फॉर्म भरताना विचार करायला बसलात, तर उशीर झालेला असतो. कोणत्या कामाला कोणता विषय लागतो, याची चौकशी आठवीत सुरू करा. नववीत मूल गणितात मागे पडलं, तर विषय सोडवू नका, शिकवणारा शोधा.

सगळ्यांनी अकरावीलाच गेलं पाहिजे असंही नाही. आयटीआय म्हणजे नापास मुलांची जागा, हे डोक्यातून काढून टाका. आमच्या गिरणीतले फिटर आणि इलेक्ट्रिशियन आयटीआयवाले होते आणि पगार आमच्यापेक्षा जास्त घेत होते. दहावीनंतर दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचा ट्रेड करायचा, १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करायची, त्यात विद्यावेतन मिळतं. पुढे शिकायचं असेल, तर त्या दोन वर्षांवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंग पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे हातात काम ठेवून वर चढायचा हा जिना आहे. ज्या घराला बारावी, सीईटी आणि क्लासची फी परवडत नाही, त्या घराने हा जिना आधी बघावा. डिप्लोमा दहावीनंतर सरळही मिळतो, तीन वर्षांचा. आमच्या थोरल्याला हे २०१३ ला कोणी सांगितलं असतं, तर निदान चौकशी तरी केली असती. आम्ही एका खिडकीवरून परत आलो आणि घरी बसलो. दुसरी खिडकी शोधली नाही.

आर्ट्सलाही लोक नाक मुरडतात. वकिलीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतर कुठल्याही शाखेच्या मुलाला घेता येतो, त्याची सीईटी असते. एमपीएससी-यूपीएससीला पदवी लागते, ती कुठल्याही शाखेची चालते. जीएनएम नर्सिंगला बारावीची कुठलीही शाखा चालते, पण इंग्रजी विषय हवा आणि ४० टक्के हवेत. आर्ट्स ही कमी मार्कवाल्यांची कोठडी नाही. पण तिथेही राज्यशास्त्र घ्यायचं, अर्थशास्त्र घ्यायचं की मानसशास्त्र, हे पुढचं काम डोळ्यांसमोर ठेवून ठरवायचं असतं. तीन वर्षं नुसतं कॉलेजला जाऊन येणं म्हणजे शिक्षण नव्हे, आणि हे आम्ही आमच्या भागातल्या पोरांना तोंडावर सांगतो, म्हणून ती आम्हाला टाळतात.

आता कागदपत्रांबद्दल. हा भाग रुक्ष आहे, पण आपली मुलं जास्त इथेच अडकतात. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जायचं तर जातीच्या दाखल्यावर भागत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेची नोंद नाहीतर गावचा जुना दस्तऐवज. धाकटी मुलगी २०१९ ला बारावी झाली. तिला नर्सिंगला जायचं होतं. थोरल्याच्या वेळी पोळलो होतो म्हणून अकरावीलाच सुरुवात केली. वडिलांच्या शाळेचं रजिस्टर गावी. पहिल्या खेपेला हेडमास्तर रजेवर, दुसऱ्या खेपेला कपाटाची किल्ली नाही, तिसऱ्या खेपेला रजिस्टर सापडलं, अर्धं कसरीने खाल्लेलं. वडिलांच्या नावाची ओळ तेवढी शाबूत होती. ती नक्कल हातात आली तेव्हा आम्ही शाळेच्या पायरीवर बसलो आणि रडलो, ते का, ते आम्हालाही सांगता येणार नाही. सगळं मिळून सात महिने लागले. हेच आम्ही बारावीच्या निकालानंतर सुरू केलं असतं, तर मुलीची जागा गेली असती. ती नर्स झाली आहे. नोंदीत कुठे जुनं नाव, कुठे बौद्ध, कुठे आडनावाचं स्पेलिंग वेगळं, असं प्रत्येक घरात आहे. ते जुळवायला वेळ लागतो. मूल दहावीत असतानाच गावी फोन लावा.

पैशांचंही तसंच आहे. दहावीनंतरच्या भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं आधी तयार ठेवा. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजना आहे, तिच्या अटी वाचून घ्या. आणि आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस नावाची परीक्षा आहे. सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतलं मूल त्यात निवडलं गेलं, तर नववी ते बारावी दर वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० होतात. आपल्या चाळीतून किती मुलं बसतात? चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा द्या. ‘ए’ ग्रेडला दहावीत ७ मार्क वाढतात, ‘बी’ला ५, ‘सी’ला ३. हे मार्क फुकट नाहीत, पण स्वस्त आहेत.

नापास झालेल्या मुलांना आज मुद्दाम इथे बोलावलं आहे, ती आली नाहीत. लाजेने आली नसतील. त्यांच्या आयांना सांगतो. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा त्याच वर्षी होते. एक-दोन विषय राहिले असतील, तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. आणि सगळंच सुटलं असेल, तर १७ नंबरचा फॉर्म आहे, आम्ही त्याच फॉर्मचे. मुलगी नापास झाली म्हणून तिच्यासाठी स्थळं बघू नका.

येत्या रविवारपासून, सकाळची वंदना झाल्यावर दहा वाजता, विहाराच्या मागच्या खोलीत एक टेबल लावतो आहोत. आठवी, नववी आणि दहावीच्या मुलांना घेऊन या. येताना शेवटची मार्कलिस्ट, शाळेतून आलेला कुठलाही कागद आणि घरात असतील ती आजोबांची जुनी कागदपत्रं आणा. झेरॉक्स नसली तरी चालेल. आम्ही कोणाच्या मुलाचा विषय ठरवणार नाही. फक्त कागद मोठ्याने वाचून दाखवू, मग तुम्ही सही करा. वाचायला आमचा थोरला बसणार आहे.

जयभीम.