टॅग कुठाय?



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर माझा विषय 'घरगुती संगणक आणि आरोग्य' असा छापलाय. मी कळवलेला विषय होता 'घरचा सर्व्हर आणि भांग'. सचिवांचा फोन आला, "काका, पत्रिका घरोघरी जाते, भांग जरा आवरा." मी आवरली. पत्रिकेपुरती. (हशा) दुसऱ्या रांगेत पोलीस खात्यातून निवृत्त झालेले माझे एक स्नेही बसलेत. त्यांना आधीच सांगतो, खिशात काही नाही. घरी जे आहे ते वैद्यांच्या चिठ्ठीवर आणलेलं आहे, त्याची पावती आहे, आणि पावतीच्या प्रती तीन ठिकाणी आहेत. (हशा)

मी नोकरीभर बियाणं तपासलं. जालन्यात बियाण्याबद्दल बोलायचं म्हणजे पंढरपुरात विठ्ठलाची ओळख करून देण्यासारखं आहे. बारवाले साहेबांनी १९६४ साली इथे महिको ही बियाण्याची कंपनी काढली, १९९८ साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, ते सगळं तुम्हाला पाठ आहे, मी पुढे जातो. मला सांगायचंय ते पिशवीला शिवलेल्या टॅगबद्दल. १९६६चा बियाणे कायदा आला आणि मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या माणसाला एक सवय लागली. पिशवी उलटी करायची आणि टॅग वाचायचा. पैदासकाराचं बियाणं असेल तर पिवळा, पायाभूत असेल तर पांढरा, प्रमाणित असेल तर निळा. त्यावर वाण, लॉट नंबर, शुद्धता, उगवण, तपासणीची तारीख, मुदत. सोयाबीनची उगवण सत्तर टक्क्यांच्या खाली गेली की लॉट नापास. मग तो कुणाच्याही मेहुण्याचा असो. आम्ही शंभर-शंभर दाण्यांचे चार संच ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचो आणि कोंब मोजायचो. २०२०च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून केवढा गदारोळ झाला, प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. तेव्हा ज्या शेतकऱ्यानं टॅग जपून ठेवला होता त्याला बोलायला जागा होती.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि मी ते आज फिरून फिरून सांगणार आहे. घरात येणाऱ्या वस्तूला टॅग पाहिजे, टॅगवरचं कुणीतरी तपासलेलं पाहिजे, आणि ती नोंद आपल्या ताब्यात पाहिजे. सर्व्हर काय आणि भांग काय, माझ्यासाठी एकच विषय आहे. तुम्हाला पटलं नाही तर चहा शेवटी आहे, तोवर बसावं लागेल.

आधी सर्व्हर. सर्व्हर म्हणजे फायली सांभाळणारा आणि मागाल तेव्हा फोनवर, लॅपटॉपवर देणारा, सतत चालू असलेला संगणक. माझा म्हणजे एका ऑफिसातून भंगारात निघालेला छोटा संगणक, त्याला दोन हार्ड डिस्क, जिन्याखाली ठेवलेला, इन्व्हर्टरवर. ३० वॅट खातो, म्हणजे महिन्याला २२ युनिटच्या आत. आमच्या सौभाग्यवतींचा आक्षेप विजेवर नाही, तिथे आधी लोणच्याच्या बरण्या असायच्या यावर आहे. (हशा) त्यावर फायलींसाठी नेक्स्टक्लाउड हा प्रोग्रॅम आहे, फोटोंसाठी इमिच आहे. शेतीचे सातबारे, फेरफार, मुलांची प्रमाणपत्रं, आईचे रक्ताचे रिपोर्ट, सगळं तिथे. बाहेरगावाहून उघडायचं तर वायरगार्ड, म्हणजे इंटरनेटमधून घरापर्यंत नेलेला कुलूपबंद बोगदा. आपल्याकडे इंटरनेटवाले एकच पत्ता पन्नास घरांत वाटतात, त्याला सीजीनॅट म्हणतात, त्यामुळे बाहेरून थेट आपलं घर गाठणं सोपं नसतं. जास्त हवं असेल तर पुढच्या रांगेतल्या मुलांना विचारा.

लोक म्हणतात, "काका, गुगल फुकट देतं की." देत होतं. फोटो हवे तेवढे ठेवा ही सोय १ जून २०२१पासून बंद झाली. त्याआधी गुगलचंच ऑर्कुट हे गप्पांचं संकेतस्थळ आठवतंय? तिथे मराठी मंडळींनी किती चर्चा, कविता, भांडणं लिहून ठेवली होती. ३० सप्टेंबर २०१४ला दुकान बंद. दुसऱ्याच्या गोदामात माल ठेवायला माझी हरकत नाही, किल्ली आणि पावती मात्र आपल्याकडे पाहिजे.

पण घरी डबा ठेवला म्हणजे झालं असंही नाही. दोन डिस्कवर एकच मजकूर असला की लोक त्याला बॅकअप म्हणतात. तुम्ही चुकून फाईल पुसली की ती दोन्हीकडून पुसली जाते, कसला बॅकअप? तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक गावाबाहेर. माझी गावाबाहेरची प्रत पुण्याला लेकीच्या कपाटात आहे. आणि बॅकअपची उगवण चाचणी घ्यावी लागते. प्रत काढून ठेवली आणि कधी उघडूनच पाहिली नाही तर ते टॅग नसलेलं बियाणं झालं. गिटलॅब नावाची मोठी कंपनी आहे, जगभरचे प्रोग्रॅमर तिथे आपलं काम ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ला त्यांच्या एका इंजिनियरनं रात्री दमलेल्या डोळ्यांनी चुकीच्या मशीनवर डेटा पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, वेळेला त्यातली एकही धड चालली नाही. कुणीतरी सहा तास आधी योगायोगानं काढून ठेवलेली प्रत सापडली, त्यावर निभावलं. कौतुक याचं की त्यांनी हे सगळं स्वतःहून जगाला सांगितलं.

आता भांग. सचिव उठले का? नाही, पाणी प्यायला. (हशा)

इथे मला एका माणसाबद्दल दोन मिनिटं बोलायचंय. विल्यम ब्रुक ओशॉनेसी. आयर्लंडमध्ये लिमरिकला १८०९ साली जन्म. विशी-बाविशीत यानं कॉलऱ्याच्या रोग्यांचं रक्त तपासून सांगितलं की यातलं पाणी आणि क्षार गेलेत, ते परत शिरेतून द्या. म्हणजे आज आपण सलाईन म्हणतो त्याचं मूळ. मग ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला, मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागला. तिथे त्यानं पाहिलं की लोक भांग-गांजा औषधाला वापरतात. त्यानं काय केलं? ऐकीव गोष्टींवर पुस्तक लिहिलं नाही. आधी जनावरांवर प्रयोग केले. कुत्री, मांजरं, मासे, गिधाडं झिंगली. शेळी, गाय, घोड्यावर फारसा परिणाम नाही. नोंद केली. मग संधिवाताच्या तीन रोग्यांना दुपारी दोन वाजता भांगेच्या राळेचा एकेक ग्रेन दिला. ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. चार वाजता एक जण बडबडायला लागला, गाणी म्हणायला लागला, जास्तीचं जेवण मागायला लागला, आणि मी ठणठणीत बरा आहे म्हणाला. (हशा) सहाला झोपला. आठला पाहिलं तर शुद्ध नाही, आणि हात वर उचलून ठेवला तर तसाच वर राहतो! घाबरगुंडी उडाली असणार, पण वहीत वेळेसकट लिहिलं. माणूस पुढे शुद्धीवर आला. धनुर्वाताच्या, पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या रोग्यांनाही त्यानं हे दिलं, आणि कुत्रं चावलेला वाचत नाही, पण त्याचे हाल कमी होतात, असं सरळ लिहून ठेवलं. हा निबंध त्यानं १८३९ साली वाचला. पाश्चात्त्य वैद्यकात भांग गेली ती या दरवाजानं.

आणि त्याच वर्षी, मंडळी, त्याच माणसानं कलकत्त्याजवळ तारा ओढून विजेनं निरोप पाठवायचा प्रयोग केला! हाच ओशॉनेसी. सरकारनं बरीच वर्षं लक्ष दिलं नाही. मग गव्हर्नर जनरल डलहौसीनं १८५१ला कलकत्ता ते डायमंड हार्बर लाइन टाकायला लावली. १८५३ला मोठं काम सुरू झालं, मार्च १८५४मध्ये कलकत्ता-आग्रा तार खणखणली, पुढे मुंबई, मद्रास. हजारो मैल तार त्यानं नद्या, जंगलं ओलांडून नेली, यंत्रंही स्वतः बनवलेली वापरली. १८५६ला त्याला सर केलं. डेटा आणि भांग एका डोक्यात राहू शकत नाहीत असं मला घरी ऐकवलं जातं, तेव्हा मी या साहेबांचं नाव घेतो. जालना तेव्हा निजामाकडे होतं, आपल्याकडे तार कधी आली ही वेगळी गोष्ट आहे, रेल्वे तर १९००च्या सुमारास आली आणि मग मोंढ्याचे भाव… ही कसली चिठ्ठी? 'काका, पंधरा मिनिटं.' अरे, मी अजून १८५६मध्ये आहे! (हशा)

बरं, पळतो. एवढं चांगलं औषध होतं तर गेलं कुठे? माझं उत्तर, टॅग नव्हता. एका बाटलीतला अर्क जोरदार, दुसरीतला मवाळ. पाण्यात विरघळत नाही, म्हणून सुईनं टोचता येत नाही. त्यात नेमक्या मात्रेची औषधं आली, १८९९ला अ‍ॅस्पिरिन आलं. डॉक्टरला भरवसा कुठला वाटणार? ब्रिटिश औषधकोशातून १९३२ला भांग गेली. राजकारण, कर, वसाहती, ही कारणंही आहेत, इतिहासाचे प्राध्यापक समोर बसलेत, ते मान हलवतायत. पण सर, माझं दुखणं लॉट नंबर आहे.

आत काय आहे ते कळायलाच मुळी वेळ लागला. इस्रायलचे रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलम. त्यांनी १९६३ला भांगेतल्या सीबीडी या नशा न आणणाऱ्या घटकाची रचना मांडली, १९६४ला सहकारी गाओनींबरोबर नशा आणणारा टीएचसी वेगळा केला. त्यांना माल कुठून मिळाला? पोलिसांनी दिला! जप्त केलेला पाच किलो लेबनीज चरस. आणि हे गृहस्थ तो पिशवीत घालून बसनं घेऊन गेले. (हशा) साहेब, तुम्ही हसताय, तुमच्या खात्यानं मला कधी एक ग्रॅम दिला नाही. (टाळ्या)

कायद्याचं थोडक्यात, कारण उद्या कुणी माझं नाव सांगायला नको. १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा, शेंडे. नुसती पानं आणि बिया, शेंड्यांसोबत नसतील तर, त्या व्याख्येत नाहीत. म्हणून काही लोक छातीठोक सांगतात, भांग चालते. महाराष्ट्रात नाही चालत. आपल्या राज्याचा १९४९चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागतो, परवान्याशिवाय बनवणं, बाळगणं, पिणं गुन्हा आहे. आयुर्वेदात हिला विजया म्हणतात. औषध नियमांच्या ई-१ या विषारी द्रव्यांच्या यादीत ती आहे, आणि अशा पोटात घ्यायच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना हिंदी आणि इंग्रजीत छापावी लागते. बियांचा प्रश्न निराळा. २०२१ला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं हेम्पच्या, म्हणजे याच झाडाच्या, बियांना आणि त्यांच्या तेलाला अन्न म्हणून वाट दिली. बियांच्या तेलात औषध शोधू नका, तेलात तेलच असतं.

आता मुद्दा. २०१७ला अमेरिकेत संशोधकांनी इंटरनेटवरून सीबीडीची ८४ उत्पादनं विकत घेऊन तपासली. लेबलवरचा आकडा बरोबर निघाला तो फक्त २६ बाटल्यांत. १८ बाटल्यांत टीएचसी सापडला, म्हणजे झोपेसाठी थेंब घेणाऱ्याला नकळत नशेचा धोका. आमच्याकडे असा लॉट आला असता तर मी मोंढ्याबाहेर फेकला असता! उलट २०१८ला अमेरिकेनं लहान मुलांच्या दोन दुर्धर फिट्सच्या आजारांसाठी एपिडिओलेक्स या औषधाला मान्यता दिली. तेही सीबीडीच. पण एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम, नक्की. मात्रा वजनाच्या किलोमागे रोज १० ते २० मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या मुलाला २०० ते ४००. यकृताच्या तपासण्या करत द्यायचं. आपण जिभेखाली टाकतो त्या थेंबांत किती असतं? दहा, वीस मिलिग्रॅम? आणि त्यावर गुडघे, झोप, साखर, केस, सगळं बरं व्हायचं!

मागून प्रश्न आलाय, "मग तुम्ही घेता कशाला?" रास्त आहे. गुडघ्यासाठी वैद्यांनी दिलं. मी ते घेण्याची वेळ, मात्रा, झोप, रक्तदाब रोज सर्व्हरवरच्या तक्त्यात भरतो. तक्ता म्हणतो, झोपेत थोडा फरक आहे, गुडघ्यात नाही. गुडघा म्हणतो, तक्ता बरोबर आहे. (हशा) मी भांगेचा प्रचारक नाही, आणि विरोधकही नाही. मी वहीवाला आहे.

आणि इथे सर्व्हर कामाला येतो. एका विक्रेत्याच्या बाटलीवर चौकोनी कोड होता, 'प्रयोगशाळेचा अहवाल बघा'. बघितला, तर अहवाल दुसऱ्याच लॉटचा. फोन केला, चौथ्या दिवशी तो कोड उघडेनासाच झाला. पण पहिल्याच दिवशी अहवाल आणि लेबलचा फोटो मी जिन्याखालच्या डब्यात उतरवून ठेवला होता. त्या कागदावर त्यांनी पैसे परत केले. त्यांच्या संकेतस्थळावर काय राहील ते तेच ठरवणार, माझ्या डब्यात काय राहील ते मी ठरवणार.

सचिव आता खरंच उठलेत. 'वेदना आणि विज्ञान' हा भाग होता, तो राहिला, आणि उत्तराखंडच्या हेम्प शेतीवर चार पानं होती, तीही राहिली. मोसंबीच्या बागायतदारांनी मुद्दाम विचारलं होतं, हे पीक घेता येईल का. आज परवान्याशिवाय घेऊ नका, बाकी बाहेर बोलू.

एक मात्र घाईत गाळणार नाही. रक्त पातळ करायची वॉर्फरिन किंवा फिट्सची क्लोबाझाम, व्हॅल्प्रोएट ज्यांना चालू आहे, त्यांनी सीबीडीच्या तेलाचा थेंबही आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. या औषधांशी सीबीडीचं पटत नाही. बाकीच्यांनी घरी जाऊन बाटली उलटी करा. लॉट नंबर नसेल, त्याच लॉटचा अहवाल मिळत नसेल, तर दुकानदाराला परत द्या. अहवाल मिळाला तर आजच्या आज आपल्याकडे उतरवून ठेवा. कसं ते समजलं नाही तर रविवारी सकाळी माझ्याकडे या. बाटली आणू नका, लेबलचा फोटो आणा.