गाण्यात बोलते कोण?

(अमरावती येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रेशन, दारू, पाणी हे प्रश्न सोडून ही बाई गाण्यांवर काय बोलते, असे काहींना वाटेल. पण अकोला जिल्ह्यात मुर्तिजापूरच्या बाजूला एका गावात आमची बैठक झाली, तिथे गाण्याचाच विषय निघाला. एका आईने बारावीतल्या मुलीचे कॉलेज बंद केले होते. एस.टी. स्टँडवर ती दिसली की पोरे मोबाईलवर एक गाणे लावत, त्यातली ओळ तिच्याकडे पाहून मोठ्याने म्हणत. आई म्हणाली, "ताई, थे गानंच वाईट. म्हून मी तिचा मोबाईलबी काढून घेतला." कोपऱ्यात बसलेली मुलगी एवढेच बोलली, "गानं तं मलेबी आवडते. मंग माहं काय चुकलं?"

तिला उत्तर द्यायचे तर आधी गाणी नीट ऐकली पाहिजेत.

जळगाव जिल्ह्यातला संजू राठोड हा तरुण आज मराठी पॉपचा मोठा गायक आहे. २०२४ मध्ये त्याचे 'गुलाबी साडी' आले आणि वऱ्हाडात एकही वरात त्यावाचून गेली नाही. त्याचे धृपद बाईच्या तोंडी आहे. ती नटली आहे, आपण छान दिसतो हे तिला ठाऊक आहे, आणि आपला फोटो काढायला ती आपल्या माणसाला सांगते. लिहिणारा पुरुष, गाणाराही पुरुष, हे खरे. तरीही त्यात इच्छा तिची आहे. कोणी पाहायचे, कधी पाहायचे, हे ती ठरवते. म्हणून आपल्या पोरी, आणि खरे सांगायचे तर आपणही, त्यावर नाचलो.

त्याच वर्षी 'काळी बिंदी' आले, आणि २०२५ मध्ये 'शेकी'. ठेका तसाच, डोक्यातून न जाणारा. पण 'शेकी'च्या धृपदात बोलणारा बदलला. आता पुरुष तिच्याशी बोलतो, आणि बोलतो ते तिच्या कमरेविषयी, चालीविषयी. तिला काय वाटते ते धृपदात येत नाही. साडीतली बाई बोलत होती, इथे तिची कंबर तेवढी उरली.

थोडे मागे जाऊ. २००२ मध्ये अवधूत गुप्ते यांच्या संगीतात वैशाली सामंत यांनी 'ऐका दाजीबा' गायिले. त्यातली बाई दाजीबाला ऐकवते, तुझे वागणे बरे नाही, गावात तुझीच शोभा होईल. लाडिक असेल, पण बजावणे तिचे, आणि आवाजही बाईचाच. त्याच्याही मागे आपल्या वऱ्हाडाची आणि खानदेशाची भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत पोरी घरोघरी फेर धरत, सासर-माहेरची गाऱ्हाणी गात. त्या गाण्यांना कोणी कवी नव्हता, बायकांनीच ती जोडली, बायकांनीच गायिली.

एकेकाळी आपण असभ्य पोस्टरांना काळे फासले. बाईला वस्तू करून विकण्याविरुद्ध ते गरजेचेच होते. पण त्या भरात पुष्कळदा आपण कपडे किती, नाच कसा, एवढेच मोजले, आणि नाचणारी मुलगीच आरोपी ठरली. गाणे तपासायचे तर विचारावे, यात बोलते कोण? पाहते कोण? बाईला नाही म्हणायला जागा आहे का?

आता त्या मुलीचा प्रश्न. 'शेकी' आवडणे हा गुन्हा नाही. घरच्या लग्नात मैत्रिणींसोबत ती त्यावर नाचते तेव्हा कंबर तिची आणि मर्जीही तिची. तीच ओळ स्टँडवर चार पोरे तिच्यावर फेकतात तेव्हा ते गाणे राहत नाही, छेडछाड होते. बाईचा अपमान करण्याच्या हेतूने तिला ऐकू जाईल असे शब्द वा आवाज काढणे हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंडसंहितेचे कलम ५०९ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७९ आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. हे कलम पाठ करून ठेवा.

म्हणजे मोबाईल काढून घ्यायचा होता तो त्या पोरांचा, आणि कॉलेज सुटले ते मुलीचे! गाण्यावर राग काढणे सोपे असते. गाण्याला नातेवाईक नसतात, त्या पोरांना गावात असतात.

आईने मोबाईल परत दिला आहे. कॉलेजला पाठवायला ती अजून भिते. पुढच्या सोमवारी सकाळच्या गाडीच्या वेळी आम्ही चौघी त्या मुलीसोबत स्टँडवर उभ्या राहणार आहोत. तुमच्या गावच्या स्टँडवर कोण उभी राहणार, ते शिबिर संपायच्या आत ठरवू या. आणि यंदा भुलाबाईचा फेर धरू, तेव्हा एक गाणे आपल्या पोरींनी स्वतः जोडलेले असू द्या.