चहाने झोप उडते, नशा उतरत नाही



थंडी पडली की आपल्या जळगावकडे शेताशेतांत भरताच्या पार्ट्या रंगतात, मग लग्नसराई येते. जेवणं उरकतात. पुरुषमंडळींपैकी कुणी घेतलेली असते, आणि घरी तर परतायचं असतं. अशा वेळी आपणच म्हणतो, "थांबा, कडक चहा टाकते, तो घ्या आणि मग गाडी काढा." यात माया असते. पण आज बोलायचंय ते याच चहाबद्दल.

चहा, कॉफी, एनर्जी ड्रिंक या सगळ्यांत कॅफीन असतं. शरीर थकलं की मेंदूला झोपेचा निरोप जातो; कॅफीन तो निरोप अडवतं, म्हणून तरतरी येते. दारू मात्र रक्तात तशीच राहते. ती मुख्यतः यकृत हळूहळू काढून टाकतं. त्याचा वेग चहाने वाढत नाही, लिंबूपाण्याने नाही आणि आंघोळीनेही नाही. समोरच्या गाडीचा अंदाज चुकतो, ब्रेकवर पाय उशिरा पडतो. वर झोप उडालेली असल्यामुळे "मला काही झालेलं नाही" असं त्याला वाटतं. पेंगणारा माणूस निदान गाडी बाजूला घेईल, हा घेणार नाही. पोरं दारूतच एनर्जी ड्रिंक मिसळतात, तेव्हाही हेच होतं. चढलेली कळत नाही आणि आणखी घेतली जाते.

हिशेब करून बघा. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. शरीरातून तासाला साधारण १५ मिलिग्रॅम कमी होते. रात्री बाराला १०० असेल, तर पहाटे चारलाही ४० उरते! धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे मोठे रस्ते मिळतात. रात्रभर अवजड गाड्या धावत असतात. तिथे एक क्षणाची चूकही महागात पडते. पोलिसांनी पकडलं, तर पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

मग करायचं काय? चहा जरूर द्या, पण आधी किल्ली मागून घ्या. न घेतलेल्या माणसाला गाडी चालवू द्या, नाहीतर अंथरूण टाका. सकाळीही निघायची घाई करू देऊ नका. आणि प्यायलेल्या माणसाच्या मागे लेकरू घेऊन बसू नका, मग तो नवरा असो की भाऊ. तो रुसेल, तर रुसू द्या. रुसवा नंतर काढता येतो.